लपवलेला ताप

टेलरबाईच्या दारावर पाटी मीच लावली. दुसऱ्या कुणी लावली असती तर हे लिहिणं मला जरा सोपं गेलं असतं.

मी आरोग्यसेविका. गावात कुणी सिस्टर म्हणतं, कुणी नर्सबाई, बहुतेक जण नुसतंच बाई. माहेर वरवे बुद्रुकचं, सासर भोरचं आणि नोकरीपायी बिऱ्हाड नसरापुरात. रोज स्कूटी काढायची आणि विंझरच्या रस्त्याने वर जायचं. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक फ्रीज, एक टेबल आणि कागदोपत्री माझ्या हाताखाली, पण खरं तर माझ्या बरोबरीने राबणारी आशाताई. कोरोना आला तेव्हा नोकरीला वीस वर्षं होऊन गेली होती. कोणाला शुगर आहे, कोणती सून बाळंतपणाला माहेरी गेली आहे, कोण गोळ्या खातो म्हणतो आणि उशाखाली साठवतो, हे मला वही न उघडता सांगता यायचं. एवढं सगळं माहीत असून मी ती पाटी लावली, कारण वरून तसा आदेश होता.

टेलरबाई म्हणजे माझ्या हद्दीतल्या एका गावातली, बौद्धवाडीत राहणारी पस्तिशीची बाई. गावाचं नाव लिहीत नाही. दहावी झालेली, हाताला सफाई, बोलायला स्पष्ट. आसपासच्या गावांतल्या निम्म्या बायकांची पोलकी तिच्याकडे शिवलेली. डोंगरावरच्या धनगरवस्तीतले म्हातारेसुद्धा बंडी तिच्याकडेच शिवायला टाकत. तिचा नवरा महामार्गालगतच्या एका लहान कारखान्यात कामाला होता. तिथे दोघं-तिघं आजारी पडले, मग ह्यालाही ताप आला. तो स्वतः चालत उपकेंद्रात आला. म्हणाला, "बाई, मला ताप हाय, तपासा." लपवलं नाही, काही नाही. दोन दिवसांनी रिपोर्ट आला, ॲम्ब्युलन्स आली आणि त्याला घेऊन गेली. मागोमाग मी खळीचा डबा आणि 'कोरोना रुग्णाचे घर, प्रवेश बंद' असा लाल अक्षरांचा कागद घेऊन त्याच्या दारात.

टेलरबाई दोन्ही लेकींना घेऊन आत उभी होती. मी कागदाला खळ लावत होते, तशी ती शांतपणे म्हणाली, "बाई, कागद आतल्या बाजूनं लावला तर न्हाई का चालणार? आमी कुठं बाहेर जाणार न्हाई. शब्द देते."

"बाहेरून दिसला पाहिजे. आदेश आहे तसा."

"दिसला पाहिजे म्हंजी कुणाला?"

मी कागदाच्या कडा हाताने दाबून घट्ट बसवल्या आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बौद्धवाडीकडे जाणाऱ्या बोळाच्या तोंडाशी बाभळीच्या फांद्या आडव्या पडलेल्या होत्या. एका घरात आजार, पण रस्ता अख्ख्या वाडीचा बंद. दूधवाला आला नाही. सार्वजनिक नळावर वाडीतल्या बायकांना सांगण्यात आलं की सगळ्यांचं भरून झाल्यावर या. त्याच आठवड्यात वरच्या आळीतल्या एका बड्या घरात दोघं पॉझिटिव्ह निघाले. तिथेही पाटी मीच लावली होती. दुसऱ्या दिवशी ती जागेवर नव्हती. वाऱ्याने उडाली म्हणे. खळ मी तीच वापरली होती.

मी ग्रामपंचायतीत जाऊन भांडले. तिथे मला सांगितलं, "बाई, लोक घाबरलेत. त्यांचं बी बरोबर हाय."

लोक घाबरलेत! आणि घाबरवलं कोणी? त्या दिवसांत गावोगाव एक गाडी फिरायची. तिच्या टपावर यमाचा पुतळा, हातात फास, आणि भोंग्यातून बाहेर पडाल तर मराल, माहिती लपवाल तर गुन्हा दाखल होईल, असं दिवसभर. मधूनमधून ॲम्ब्युलन्सचा आवाज. ताप आला तर काय करायचं, कुणाला फोन करायचा, नेलं तर कुठे नेतील, घरच्यांना बोलता येईल का, जेवायला मिळेल का, ह्यातलं एक अक्षर त्या भोंग्यातून कधी आलं नाही. लोकांच्या ताटात भीती मनसोक्त वाढली आणि पुढचा रस्ता दाखवायचा तेवढा राहून गेला. मग लोकांनी आपापले रस्ते काढले.

त्या फांद्या शेवटी आशाताईने आणि मी ओढून बाजूला टाकल्या. माझा तळहात फाटला. टेलरबाई उंबऱ्यातूनच बघत होती. म्हणाली, "आमचे आजेसासरे सांगायचे, त्यांना पाणी वरनं ओंजळीत ओतायचे. मला वाटायचं, आता ह्या नुसत्या सांगायच्या गोष्टी राहिल्यात."

नवरा बरा होऊन परत आला. सक्तीचे दिवस संपले. पाटी मात्र तशीच. लावायचा आदेश होता, काढायचा आदेश कुणी काढलाच नव्हता. मी फोन केले तर ह्याने त्याला विचारा, त्याने ह्याला विचारा. शेवटी एका दुपारी मी टेलरबाईकडून उलथणं मागून घेतलं आणि कागद खरवडून काढला. त्याबरोबर दाराचा निळा रंगही निघाला आणि दारावर कागदाएवढा चौकोन उरला. शिवायला टाकलेले कपडे वरच्या आळीतल्या बायकांनी निरोप धाडून तसेच, न शिवलेले, परत मागवले होते. पिशव्या दारापासून लांब ठेवायला सांगितलं होतं.

हे सगळं वरची धनगरवस्ती बघत होती, हे माझ्या डोक्यात आलं नाही. ते यायला हवं होतं.

ती वस्ती डोंगराच्या पठारावर आहे. खालून पायवाटेने चढायला दीड-दोन तास लागतात, माझ्या गुडघ्यांना जास्तच. मुलंबाळं सोडून चाळीसएक माणसं, म्हशी, शेळ्या, थोडी मेंढरं. घरटी एक माणूस रोज पहाटे दुधाची किटली घेऊन खाली उतरतो आणि फाट्यावर दूध घालून परत वर जातो. त्या माणसांनी बोळावरचे काटे पाहिले, पाटी पाहिली, नळावरची रांग पाहिली. ज्याने आपणहून ताप सांगितला त्याच्या घराचं काय झालं, ते त्यांनी रोज येता-जाता पाहिलं.

पाऊस उघडीप देत होता त्या सुमाराला आशाताईला कुणकुण लागली की वर तापाची माणसं आहेत. आम्ही दोघी चढून गेलो. आम्हाला येताना बघून निम्मी वस्ती जनावरं घेऊन रानात निघून गेली, बाकीच्यांनी दारं लावून घेतली. वस्तीतले सगळ्यांत वडीलधारे बाबा तेवढे अंगणात घोंगडीवर बसून होते. सत्तरीच्या पुढचे, काठीसारखे सरळ. दरवर्षी पावसाळ्याआधी मी गेले की हेच बाबा म्हशीच्या दुधाचा चहा पाजल्याशिवाय मला सोडत नसत.

"बाबा, आजी कुठायत?" मी विचारलं.

"माहेरी गेल्यात."

आजी म्हणजे बाबांची बायको, बाबांपेक्षा चार-दोन वर्षांनीच लहान. त्यांच्या माहेरी आता कोणी उरलेलं नाही, हे त्यांनीच मला कधीतरी सांगितलं होतं. आणि आतून खोकल्याचा आवाज आला. तोंडात पदर कोंबून खोकल्यावर येतो तसा, दबलेला. बाबांनी तो ऐकला, मी ऐकला, आशाताईने ऐकला. बाबा उठून दारात उभे राहिले.

"बाबा, मला आत जाऊ द्या. बोटाला नुसतं एक यंत्र लावायचं हाय. सुई न्हाई, काही न्हाई."

"हितं कुणाला काय झालं न्हाई, बाई. तुमी जावा. उन्हं व्हायच्या आत उतरा."

मी त्यांना बाजूला सारून आत गेले नाही. जाऊ शकले असते का, माहीत नाही. गोळ्यांची पाकिटं अंगणात ठेवली, कधी किती घ्यायच्या ते मोठ्याने सांगितलं, आतपर्यंत ऐकू जाईल असं, आणि उतरले.

आठ दिवसांनी दूध घालायला आलेल्या एका माणसाकडून कळलं की आजी गेल्या. त्यांना तिथेच पठारावर अग्नी दिला. खाली कुणाला सांगितलं नाही.

मी पुन्हा चढले. बाबांनी ह्या वेळी दार अडवलं नाही, कारण आता अडवण्यासारखं आत काही नव्हतं. मी रागाने गेले होते, हे कबूल करते. वाटेत मनात म्हणत होते, माझं ऐकलं असतं तर वाचल्या असत्या. तेच मी त्यांना बोलले.

बाबा मग म्हणाले, "तुमी नेलं असतं तर तोंड बी दिसलं नसतं. खालच्या गावात एकाचं तसंच झालं, कापडात बांधून परस्पर नेला. आन् दाराव कागद लावला असता तर आमचं दूध कुणी घेतलं असतं का? टेलरबाईचं काय झालं ते बघितलंय की आमी. चाळीस माणसं हायेत हितं. जनावराला बंद करून ठिवता येत न्हाई, बाई. त्याला रोज पिळावं लागतं."

मी खाली आले आणि मृत्यूच्या नोंदीच्या वहीत, शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: कुटुंबाने माहिती लपविली. उपचारास नकार. खाली सही केली. सगळीकडे सगळे असंच लिहीत होते. त्या एका वाक्याने आपण सगळे सुटत होतो.

पुढच्या वर्षी लस आली. खालच्या गावांत हळूहळू लोक घ्यायला लागले. धनगरवस्तीतून मात्र एक माणूस आला नाही. वरच्या एका ऑफिसातले एक साहेब होते, त्यांच्याकडे आमच्या पट्ट्याचं काम होतं. ते दर आठवड्याला मोबाईलवर मीटिंग घ्यायचे आणि दर मीटिंगला माझ्या उपकेंद्राचं नाव लाल रंगात दाखवायचे. साहेब त्या वस्तीवर कधी गेले नव्हते. विंझरपर्यंत गाडीने येऊन, डोंगराकडे बोट दाखवून, हे तुमचंच ना, असं एकदा विचारलं होतं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते मी तेव्हा प्रत्यक्ष पाहिलं. त्यांचा आदेश आला: लस न घेणाऱ्यांची नावं फाट्यावर फलकावर लावा, आणि भोंग्यावरून वाचून दाखवा.

त्याच सुमाराला पुण्याहून एक मॅडम आल्या. तिशीच्या असतील, पाठीवर सॅक, पायात ट्रेकला घालतात तसले बूट. मला वाटलं गडावर निघाल्यात, वाट चुकल्या. त्यांनी सांगितलं की त्यांचा विषय वर्तनविज्ञान. म्हणजे माणसं एखादी गोष्ट का करतात आणि का करत नाहीत ह्याचा अभ्यास. साथीच्या काळात गावांत काय घडलं ते त्या विचारत फिरत होत्या. मी मनात म्हटलं, झालं, आणखी एक फॉर्म. पण त्यांनी फॉर्म काढलाच नाही. दोन दिवस उपकेंद्राच्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलल्या. लसीबद्दल तुमचं मत काय, असं त्यांनी कुणालाही विचारलं नाही. त्या विचारायच्या, "घरात शेवटचा ताप कुणाला आला होता? त्या दिवशी सकाळी उठल्यापासून काय काय केलंत ते सांगा." आणि माणसं सांगत सुटायची. जे मला वीस वर्षांत कळलं नव्हतं तेही सांगायची.

मी त्यांना आजींची हकीकत सांगितली. शेऱ्यात काय लिहिलं तेही सांगितलं.

त्या म्हणाल्या, "सिस्टर, आपण धरून चालतो की लोकांना माहीत नसतं म्हणून ते करत नाहीत. मग आपण आणखी जोरात सांगतो. त्या बाबांना आजार माहीत होता, पसरतो हे माहीत होतं, तुम्ही चांगल्या आहात हेही माहीत होतं. त्यांच्या जागी बसून बघा. ताप सांगण्याची शिक्षा आपणच ठेवली होती. मग लपवणंच शहाणपणाचं झालं."

मला त्या वाक्याचा राग आला. कारण ते खरं होतं, आणि कारण ते सांगायला आजींच्या मरणानंतर कुणीतरी पुण्याहून यावं लागलं.

जाताना त्यांनी चार पानांचं टिपण लिहून दिलं, मराठीत, स्वच्छ अक्षरात. शिबिर लोकांच्या वेळेला आणि त्यांच्या जागेवर घ्या. लस घेतल्यावर काय त्रास होईल ते आधीच खरं सांगा, नाहीतर पहिल्या तापाबरोबर तुमच्यावरचा विश्वास जाईल. ज्यांनी घेतली नाही त्यांची नावं लावू नका. लोक ती वाचून लाजत नाहीत, आपल्यासारखे एवढे जण आहेत म्हणून निश्चिंत होतात. सांगायला असा माणूस न्या, ज्याचं ते आधीपासून ऐकतात. आणि शेवटी एक ओळ होती: मागे जे चुकलं असेल ते आधी कबूल करा.

मी त्या टिपणाची झेरॉक्स काढून साहेबांना नेऊन दिली. त्यांनी पहिलं पान वाचलं, दुसरं उलटलं आणि त्यावर चहाचा कप ठेवला.

"सिस्टर, हे सगळं पुण्या-मुंबईत ठीक आहे. ह्या लोकांना एकच शास्त्र कळतं, दंडुक्याचं. तुम्ही फलकाचं बघा."

कपाच्या बुडाचा गोल त्या कागदावर उमटला, तो मी बघत राहिले. वीस वर्षांत मी साहेबांसमोर आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढला. मी म्हणाले, "साहेब, फलक लावायला तुम्ही स्वतः या. मी एक कागद लावला होता, त्याच्यापायी एक बाई मेली." बाहेर येऊन मी स्कूटीला किल्ली लावली आणि थेट आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले.

तिथले तरुण डॉक्टर तेवढे माणसातले होते. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "वस्तीवर शिबिर घ्या. लसी मी देतो. साहेबांचं मी बघतो."

पण नुसत्या लसी नेऊन काय होणार? मी टेलरबाईकडे गेले. तिच्याकडे काही मागायला माझी जीभ रेटत नव्हती. तिच्या दारावर तो चौकोन तसाच होता. मी म्हटलं, "वर वस्तीवर माझ्यासोबत येशील का? ते तुझं ऐकतात. माझं का ऐकावं, हे मला सांगता येत नाही."

तिने मशीनवरून हात काढला नाही. शिवण पूर्ण केली, दोरा तोडला आणि म्हणाली, "येते. पन त्यांनी घ्यावी म्हणून येत न्हाई. मला झालं ते त्यांच्या तोंडावर सांगायला येते. मग त्यांचं ते ठरवतील."

आम्ही पहाटे निघालो, जनावरं रानात जायच्या आत पोचायचं म्हणून. लस नेली नाही. नुसतं विचारायला गेलो. माझ्या पिशवीत ती वहीही होती. का घेतली, तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं.

टेलरबाईला बघून बायका बाहेर आल्या. मग पुरुष. तिने काही सजवून सांगितलं नाही. "म्या घेतली. दोन दिवस अंग लई मोडून आलं, थंडी वाजून ताप भरला. तिसऱ्या दिवशी मशीनवर बसले. पोरी बघत व्हत्या म्हणून रडले न्हाई, इतकं दुखत व्हतं."

त्याबरोबर एक जण म्हणाला, "म्हंजी ताप येतोच व्हय? आमच्यातल्या एकानं बाजारला गेल्यावर घेतली गुपचूप. रात्रभर तडफडला. आमाला वाटलं, इखच टोचलं."

त्याला कुणी सांगितलं नव्हतं. टोचलं आणि पुढचा म्हणून हाक मारली.

मग एकेक गोष्ट बाहेर यायला लागली. शिबिर दहा ते चार, म्हणजे नेमकी जनावरं रानात असतात ती वेळ. खाली जायचं-यायचं म्हणजे दिवस गेला. आणि सगळ्यांना एकदम ताप भरला तर शेळ्या कोण राखणार, धारा कोण काढणार? ह्यात अंधश्रद्धा कुठे होती? अडाणीपणा कुठे होता? मला तर ते ऑफिसातल्या कोणापेक्षाही जास्त हिशेबी वाटले.

सगळ्यांचं झाल्यावर बाबांनी विचारलं, "बाई, म्हातारी मेली ते तुमच्या वहीत काय लिवलंय?"

मी वही काढली. खोटं सांगता आलं असतं, बाबांना वाचता येत नव्हतं. मी ओळ वाचली, होती तशी.

बाबा म्हणाले, "म्हंजी म्या मारली."

"नाही, बाबा."

"तसंच झालं की. सरकारच्या वहीत हाय."

मला रडू आलं, पण रडून मोकळं व्हायचा मला हक्क नव्हता. मी तिथेच घोंगडीवर बसले आणि त्या नोंदीखाली जागा होती तिथे लिहिलं: आजार सांगणाऱ्या घराला गावात त्रास झाला. आम्ही लावलेल्या पाटीमुळे झाला. त्या भीतीने कुटुंब पुढे आले नाही. दोष कुटुंबाचा नाही. खाली त्या दिवसाची तारीख आणि माझी सही.

बाबांनी वही माझ्या हातातून घेतली आणि टेलरबाईकडे दिली. "तू वाच. बाईंनी वाचलेलं नगं."

तिने वाचलं. दुसऱ्या ओळीपाशी ती थांबली. ती ओळ तिचीही होती, हे मला तोपर्यंत सुचलं नव्हतं. तिने पुन्हा पहिल्यापासून, सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं.

बाबा उठले आणि चुलीवर चहा ठेवायला सांगायला आत गेले.

एक कुपी उघडली की ती दहा जणांना द्यायची असते, म्हणून दहा-दहाच्या पाळ्या लावल्या. आठवड्याला एक पाळी. बर्फाचा डबा पाठीवर बांधून पहाटे वर जायचं आणि धारा काढून झाल्या की अंगणात टोचायचं. ज्यांची पाळी असेल त्यांची जनावरं दोन दिवस बाबांनी सांभाळायची, असं त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. तीन आठवडे ते सगळ्या वस्तीच्या शेळ्या राखत होते, ह्या वयात. टोचलेल्यांच्या घरी आशाताई संध्याकाळी फोन लावायची, ताप किती, पाणी प्यालात का. रेंज नसली की कुणीतरी टेकाडावर चढून सांगायचं. चौथ्या पाळीत बाबांनी हात पुढे केला. दोघा-तिघांनी शेवटपर्यंत घेतली नाही. मी त्यांना बोलले, पण त्यांची नावं कुठेही लावली नाहीत.

पुढे काय झालं तेही सांगते. साहेबांनी त्या वस्तीचा अहवाल पाठवला. त्यात फोटो होता, खालच्या फाट्यावर फ्लेक्स धरून उभ्या असलेल्या, वस्तीशी काही संबंध नसलेल्या माणसांचा. खाली लिहिलं होतं की प्रभावी जनजागृती आणि कडक अंमलबजावणीचं हे यश. भोंग्याच्या गाडीचंही कौतुक होतं. चार पानांच्या टिपणाचा उल्लेख नव्हता. टेलरबाईचा कसा असणार?

आणि मला नोटीस आली. शासकीय नोंदवहीत अनधिकृत मजकूर लिहिल्याबद्दल खुलासा सादर करावा. वही तपासायला आलेल्या कुणाच्या तरी नजरेला ती ओळ पडली होती. एवढ्या सगळ्या वह्यांमध्ये, एवढ्या सगळ्या शेऱ्यांमध्ये, खटकली ती हीच. घरातले म्हणाले, माफी मागून मोकळी हो, निवृत्तीला किती वर्षं राहिलीत. आशाताई म्हणाली, "लिहा, मी बी सही करते." तिची नोकरी माझ्यापेक्षा कच्ची, म्हणून मी तिला सही करू दिली नाही.

टेलरबाईने पुढे नसरापूरला एक गाळा घेतला. लग्नसराई आली तशा वरच्या आळीतल्या बायका तिच्याकडे परत आल्या. काटे कुणी टाकले हे सगळ्या गावाला माहीत आहे, पण ती गोष्ट कुणी काढत नाही, माफी तर दूरच. आधी ती माप घ्यायला घरोघर जायची. आता जात नाही. ज्याला शिवायचं असेल त्याने गाळ्यावर यावं आणि बाकावर बसून आपली पाळी येईपर्यंत थांबावं, असं तिने सगळ्यांना सांगून ठेवलंय. बाबा आता थकलेत, डोंगर उतरत नाहीत. बीपीच्या गोळ्या मी वर पोचवते.

लोक चुकत नाहीत असं मी म्हणत नाही. काटे टाकणारे लोकच होते. पण अजूनही मीटिंगांमध्ये, साथीच्या काळात लोकांनी सहकार्य केलं नाही, असं कुणी म्हणालं की माझ्या अंगाची लाही होते. माणसं कशी वागतील हे ओळखायचं शास्त्र होतं. ते सांगणारी माणसं होती, फुकट सांगत होती. आपण त्याच्यावर कप ठेवला, आणि दोष डोंगरावरच्या म्हाताऱ्याच्या नावावर लिहिला.

नोटिशीला मी एक पान उत्तर लिहिलं. मजकूर मीच लिहिला आहे, शुद्धीत असताना लिहिला आहे, आणि तो खोटा असल्यास कसा ते मला वस्तीवर येऊन, त्या कुटुंबासमोर सांगावं, असं लिहिलं. माफी मागितली नाही. पोच घेतली आणि जपून ठेवली. त्याला अजून उत्तर नाही. वर चढून यायला कुणी तयार झालं नसावं.